गोल्फचं मैदान वाचायचं कसं? एका नवख्याच्या नोंदी

(आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे शब्दांकन. बोलताना आलेले 'म्हणजे', 'अं' आणि मागून येणारा कुकरचा आवाज तेवढा काढून टाकलाय. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय ऐकून काही जण भुवया उंचावतील. गोल्फ. त्यातही गोल्फ खेळणं नाही, तर गोल्फची मैदानं कशी आखतात, हा विषय. इंग्रजीत याला गोल्फ कोर्स आर्किटेक्चर म्हणतात. मी या विषयात दीड वर्षाचा नवखा आहे. हातात स्टिक धरून अजून एकही फेरी पूर्ण खेळलेलो नाही, तरी रविवार आला की दुसऱ्यांची मैदानं बघत हिंडतो. बायको म्हणते, लग्नाला न बोलावता मांडव बघायला जाणारा माणूस आहेस तू.

सुरुवात एडिंबरामधल्या ऑफिसात झाली. शेजारच्या टेबलावर एक स्कॉटिश गृहस्थ बसतात, निवृत्तीला आलेले. त्यांच्या भिंतीवर एक जुना नकाशा होता. मला वाटलं बंदराचा असेल. ते म्हणाले, हा सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सचा १९२४ सालचा नकाशा, अ‍ॅलिस्टर मॅकेंझी नावाच्या माणसाने मोजणी करून काढलेला. मी विचारलं, गोल्फ कोर्सचं आर्किटेक्चर म्हणजे क्लबहाऊसची इमारत का? ते हसले आणि म्हणाले, रविवारी चल माझ्याबरोबर.

पण खरं सांगायचं तर हा विषय माझ्या घरात माझ्या जन्मापासून होता. माझे वडील, अप्पा, पुण्यातल्या एका गोल्फ क्लबवर ३२ वर्षं माळी होते. कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी 'क्लबमध्ये नोकरी' असं लिहायचो. 'माळी' लिहिलं नाही. त्याकडे नंतर येतो. आधी विषय समजून घेऊ.

मैदानात असतं काय?

एकदम पायापासून. गोल्फच्या पूर्ण मैदानात १८ 'होल' असतात. होल म्हणजे नुसतं ते सव्वाचार इंचाचं भोक नव्हे, तर चेंडू पहिल्यांदा मारायच्या जागेपासून त्या भोकापर्यंतचा सगळा पट्टा. जिथून पहिला फटका मारतात ती 'टी'. मधला कापलेल्या गवताचा रस्ता म्हणजे 'फेअरवे'. बाजूचं वाढलेलं गवत म्हणजे 'रफ'. वाळूचे खड्डे म्हणजे 'बंकर'. आणि शेवटी भोकाभोवतीचं अगदी बारीक कापलेलं गवत, ते 'ग्रीन'.

आता टेनिसचं कोर्ट घ्या. मापं ठरलेली. क्रिकेटच्या मैदानाची सीमारेषा थोडी पुढे-मागे होते, पण खेळपट्टी २२ यार्डांचीच. गोल्फमध्ये असं माप नाही. ओढा असेल तर ओढा, टेकडी असेल तर टेकडी. मग आहे त्या जमिनीवर १८ कोडी रचायची कुणी आणि कशी? हे काम करतो तो गोल्फ आर्किटेक्ट.

आधी जमीन होती

गंमत अशी, की ज्या मैदानाला सगळे आर्किटेक्ट गुरू मानतात, ते सेंट अँड्र्यूजचं ओल्ड कोर्स मुळात कुणी एका माणसाने आखलेलंच नाही. समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधला वालुकामय पट्टा, त्याला स्कॉटलंडमध्ये 'लिंक्स' म्हणतात. वाऱ्याने वाळूचे उंचवटे झाले, त्यावर बारीक, चिवट गवत आलं. नांगरायला ही जमीन कुचकामी, म्हणून ती चराईला आणि खेळायला उरली. गवताचं आवरण फाटलं की वारा वाळू उडवायचा, त्या खळग्यात मेंढ्या आडोशाला बसायच्या, खळगा आणखी खोल व्हायचा. अनेक बंकरांचा जन्म असाच झाला, असं मानतात. आज तिथे ११२ बंकर आहेत.

१८ हा आकडासुद्धा कुणी शास्त्र मांडून काढलेला नाही. आधी तिथे एक फेरी २२ होलची होती. १७६४ साली सुरुवातीची काही छोटी होल एकत्र केली आणि फेरी १८ ची झाली. पुढे जगाने तोच आकडा उचलला. लोक एकाच वाटेने जायचे आणि परत यायचे, त्यामुळे जाणारे आणि येणारे एकाच ग्रीनवर खेळायचे. म्हणून आजही तिथे सात ग्रीन जोडग्रीन आहेत. दुसऱ्या होलचं सोळाव्याबरोबर, तिसऱ्याचं पंधराव्याबरोबर. कुठल्याही जोडीची बेरीज करा, १८ येते.

शिक्षा की प्रश्न?

आता या विषयाचा गाभा. मैदान अवघड करायचे दोन मार्ग. एक मार्ग सोपा आहे. रस्ता अरुंद ठेवा, दोन्ही बाजूंना खड्डे खणा, चुकलात की भोगा. याला 'पीनल' म्हणजे शिक्षेची पद्धत म्हणतात. दुसरा मार्ग 'स्ट्रॅटेजिक'. यात रस्ता ऐसपैस असतो. जायचं कुठून ते तुम्ही ठरवा. मात्र सोप्या वाटेने गेलात तर पुढचा फटका अवघड, आणि आधी धोका पत्करलात तर पुढचा सोपा.

ओल्ड कोर्सचं सतरावं होल बघा, 'रोड होल'. टीवर उभं राहिलात की उजवीकडे हॉटेलच्या आवारातल्या शेड आडव्या येतात. पुढचं काही दिसतच नाही. छातीवर धोंडा ठेवून त्या शेडवरून चेंडू मारलात आणि तो फेअरवेच्या उजव्या अंगाला पडला, तर तिथून ग्रीनवर जायला बरा कोन मिळतो. भीती वाटली म्हणून डावीकडे सुरक्षित मारलात, तर काही बिघडत नाही. पण आता तुमच्या आणि भोकाच्या मध्ये एक लहानसा, खोल बंकर येतो. तो टाळायला जोर लावावा, तर ग्रीनच्या मागे डांबरी रस्ता आणि दगडी भिंत. चेंडू रस्त्यावर गेला तर रस्त्यावरूनच मारायचा.

म्हणजे खड्डा लहानच आहे, पण त्याची भीती चारशेहून जास्त यार्ड मागे, टीवर उभ्या असलेल्या माणसाच्या पोटात गोळा आणते. चांगल्या मैदानाची खूण हीच, की ते तुम्हाला विचारायला लावतं. हे समजल्यापासून मी मैदानाकडे बघताना टीकडून बघत नाही. ग्रीनवर उभा राहतो आणि उलटं बघतो. इथे चेंडू यायचा तर कुठून यावा? मग अख्खं होल उलगडत जातं.

एक शिष्य, एक डॉक्टर

१८७२ साली चार्ल्स ब्लेअर मॅकडोनल्ड नावाचा १६ वर्षांचा अमेरिकन मुलगा शिकायला सेंट अँड्र्यूजला आला. अभ्यास किती केला ते सोडा, गोल्फ मात्र अंगात भिनलं. पुढे त्याने ब्रिटनमधल्या उत्तम होलांचा अभ्यास केला आणि न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर नॅशनल गोल्फ लिंक्स ऑफ अमेरिका उभं केलं. १९११ मध्ये ते रीतसर सुरू झालं. त्याने होलांची नक्कल केली नाही, त्यांच्यामागची कल्पना घेतली. आपल्याकडे बंदिश तीच असते, पण गवयी ती आपल्या गळ्याने मांडतो, तसं.

त्यातली एक प्रसिद्ध बंदिश म्हणजे 'रेडान'. मूळ होल एडिंबरापासून तासाभराच्या आत, नॉर्थ बेरिक इथे पंधरावं. रेडान हा किल्ल्याच्या तटबंदीचा शब्द. क्रिमियाच्या युद्धात सेवास्तोपोलच्या वेढ्यात असा एक बुरूज गाजला, त्यावरून हे नाव आलं. हे ग्रीन तिरकं बसवलंय आणि समोरून मागे, डावीकडे उतरत जातं. डाव्या अंगाला पुढे खोल बंकर. भोकाकडे सरळ नेम धरला तर चेंडू बंकरात तरी जातो किंवा पलीकडे निसटतो. शहाणा खेळाडू भोकाकडे मारतच नाही. तो उजव्या खांद्यावर चेंडू टेकवतो आणि उतारावर सोपवून देतो. उरलेलं काम जमीन करते.

आणि तो नकाशावाला मॅकेंझी? तो पेशाने डॉक्टर. बोअर युद्धात तो ब्रिटिश सैन्याबरोबर दक्षिण आफ्रिकेत होता. बोअर सैनिक खंदक असे बेमालूम खणायचे, की समोर असून दिसायचे नाहीत. मॅकेंझीने त्यावरून लपवणुकीचं शास्त्र अभ्यासलं आणि पुढे तेच मैदानांत आणलं, उलट्या अंगाने. माणसाने केलेली गोष्ट निसर्गाचीच वाटली पाहिजे. त्याने बॉबी जोन्सबरोबर अमेरिकेत ऑगस्टा नॅशनल आखलं, जिथे दर एप्रिलमध्ये मास्टर्स स्पर्धा होते. १९३४ च्या मार्चमध्ये तिथे पहिली स्पर्धा झाली. मॅकेंझी त्याच वर्षी जानेवारीत गेला होता.

डोंगर हलवायचे का?

पुढे बुलडोझर आले आणि वाद सुरू झाला. पीट डाय या आर्किटेक्टला फ्लोरिडात सॉग्रास इथे ४१५ एकर दलदल मिळाली. जमिनीची किंमत होती एक डॉलर. १९८० मध्ये तिथे मैदान सुरू झालं. सतराव्या होलपाशी चांगली वाळू लागली. ती उपसून बाकीच्या मैदानाला वापरत गेले आणि तिथे मोठा खड्डाच उरला. मग डायची पत्नी अ‍ॅलिस, जी स्वतः उत्तम खेळाडू आणि आर्किटेक्ट, तिने सुचवलं, इथे पाणी भरा आणि ग्रीन बेटावर ठेवा. आज ते जगातलं सगळ्यात ओळखीचं होल असेल. आपल्या मघाच्या भाषेत ही शुद्ध शिक्षा आहे: बेटावर पडला तर पडला, नाहीतर पाण्यात. पण एकच होल तसं, आणि तेही शेवटून दुसरं, त्यामुळे नाट्य होतं. अठराच्या अठरा अशी केली, तर माणूस घरी जाईल.

याच्या दुसऱ्या टोकाला नेब्रास्कामधलं सँड हिल्स. बिल कूर आणि बेन क्रेनशॉ या जोडीचं, १९९५ चं. वाळूच्या टेकड्यांवर ते महिनोन्‌महिने नुसते चालले. शंभराहून जास्त होल त्यांना जमिनीतच सापडली, त्यातून १८ निवडली आणि माती जवळजवळ हलवलीच नाही. आज बरेच आर्किटेक्ट या वाटेने चाललेत. आधी चाला, बघा, मग हात लावा.

अप्पा आणि पाणी

हे सगळं मी फोनवर अप्पांना उत्साहाने सांगत होतो. कोन, रेडान, मॅकेंझी. ते ऐकत होते. मग म्हणाले, "ते सगळं खरं रे. पण पाणी कुठं जातंय?"

मी गप्प झालो, कारण हा प्रश्न मी कुठल्याच मैदानावर विचारला नव्हता.

मग त्यांनी मला ग्रीन शिकवलं. वरून गालिचा दिसतो, पण आतून ती चाळणी आहे, म्हणाले. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९६० मध्ये ग्रीन बांधायची एक पद्धत सांगितली, ती जगभर चालते. तळाला चर काढून पाइप, त्यावर सुमारे १० सेंटिमीटर बारीक खडी, त्यावर सुमारे ३० सेंटिमीटर वाळूचा थर, आणि त्यात गवत. गंमत त्या दोन थरांच्या सांध्यात आहे. वाळूच्या बारीक फटी पाणी धरून ठेवतात, ते खालच्या खडीच्या मोठ्या फटीत सहजासहजी उतरत नाही. म्हणजे मुळांना ओल मिळते. पण पाऊस झोडपायला लागला आणि वाळू तुडुंब भरली, की पाणी एकदम खडीत उतरतं आणि पाइपातून निघून जातं. ओल धरायची आणि पूर सोडायचा, दोन्ही कामं एकच रचना करते.

मग उतार. ग्रीन अगदी सपाट करून चालत नाही, पाणी साचतं. फार उतरतं केलं तर चेंडू थांबत नाही. त्यात गवत दिवसेंदिवस बारीक कापायची फॅशन. ग्रीन किती वेगवान आहे हे मोजायला 'स्टिंपमीटर' नावाची साधी पन्हाळी असते. एडवर्ड स्टिंपसन नावाच्या खेळाडूने ती १९३५ मध्ये बनवली. तिच्यावरून चेंडू सोडायचा आणि तो किती फूट गेला ते बघायचं. आकडा वाढला की क्लबवाले खूश. पण वेग वाढला की जुन्या ग्रीनवरचे सुंदर उतार खेळता येत नाहीत, म्हणून ते खरवडून सपाट करतात. अप्पा म्हणाले, "मशीन खाली आलं की उतार मरतो." मी पुस्तकात हाच मुद्दा चार पानांत वाचला होता.

आणि मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी घरी कधी सांगितली नव्हती. त्यांच्या क्लबवर एक ग्रीन नव्याने बांधलं, बाहेरून तज्ज्ञ आणून. चराचा उतार उलटा पडतोय, हे अप्पांनी बघितलं. त्यांनी साहेबांना सांगितलं. उत्तर मिळालं, तुम्ही माळीकाम बघा. जुलैत पाऊस लागला, ग्रीनवर घोटाभर पाणी. गवत कुजलं. मग अप्पा आणि आणखी सहा जणांनी भर पावसात चर परत खणला. मी विचारलं, नंतर साहेब काही म्हणाले का? "काय म्हणणार? पाणी गेलं की."

तो जुलै मला आठवतो. अप्पा रात्री चिखलाने माखून यायचे. मी अकरावीत होतो, आणि तोच फॉर्म भरत होतो.

रविवारची फेरी

गेल्या जूनमध्ये अप्पा इकडे आले. मी त्यांना सेंट अँड्र्यूजला नेलं, मुद्दाम रविवारी. कारण एरवी ओल्ड कोर्सवर खेळ चालू असतो, पण रविवारी, मोठी स्पर्धा नसेल तर, ते बंद असतं आणि गावाची बाग होऊन जातं. कुत्री, बाबागाड्या, वाळूत पळणारी पोरं. एडिंबराहून गाडीने ल्युकर्स, तिथून बस. बसमधून उतरल्यावर अप्पांनी विचारलं, "पास कुठं दाखवायचा?" मी म्हटलं, पास नाही. ते दोनदा मागे वळून बघत आत आले.

ही जमीन अशी मोकळी आपोआप राहिलेली नाही. १७९७ मध्ये कर्जात बुडालेल्या नगरपालिकेने ती सशांचा धंदा करणाऱ्यांच्या हाती जाऊ दिली. सशांनी मैदान पोखरलं, खेळणारे चिडले, मारामाऱ्या आणि कोर्टकचेऱ्या वीसेक वर्षं चालल्या. शेवटी १८२१ मध्ये जेम्स चीप या गोल्फप्रेमी जमीनदाराने ती विकत घेतली. १८९४ मध्ये संसदेच्या कायद्याने ती गावाकडे परत आली, आणि १९७४ पासून एक ट्रस्ट ती सांभाळतो. तिथे खेळायला आजही घसघशीत फी आहे आणि नंबर लागायला सोडत काढतात, हेही सांगितलं पाहिजे. पण चालायला कुणी अडवत नाही. पहिल्या आणि अठराव्या फेअरवेला छेदून तर चक्क गावाचा रस्ता जातो.

अप्पांना रोड होलच्या कोनांत फारसा रस नव्हता. ते एका बंकरापाशी थांबले. तिथल्या बंकरांच्या भिंती हिरवळीच्या थापड्या विटांसारख्या एकावर एक रचून करतात, आणि काही वर्षांनी नव्याने रचाव्या लागतात. त्यांनी थर मोजले. "बांध असाच घालतात आमच्याकडं," म्हणाले. मग एका ग्रीनच्या कडेला आले आणि थांबले. आत पाऊल टाकलं नाही. ३२ वर्षांची सवय. वाकून तळवा गवतावर उपडा ठेवला, थोडा वेळ तसाच. मग हाताने हवेत एक रेष काढली, इकडून तिकडे, आणि म्हणाले, "इथनं जातंय."

माझा ऑफिसातला मित्र बरोबर होता. त्याने विचारलं, वडील काय म्हणाले? मी भाषांतर केलं. त्याने पिशवीतून तो नकाशा काढला, घडी घातलेली प्रत, आणि दोघं त्यावर वाकले. एकाला मराठी येत नाही, दुसऱ्याला इंग्रजी. मी मध्ये उभा होतो आणि माझी फारशी गरज पडली नाही. जाताना त्याने विचारलं, तुझे वडील काय करायचे? मी सांगितलं, माळी होते, गोल्फच्या मैदानावर.

नवख्यांसाठी तीन प्रश्न

तर मंडळी, या विषयात यायचं असेल तर महागड्या स्टिकची गरज नाही. मैदान प्रत्यक्ष बघायला मिळालं तर उत्तम, नाहीतर टीव्हीवरची स्पर्धाही चालेल. फक्त तीन प्रश्न विचारा. पहिला: ग्रीनवरून उलटं बघितलं तर चेंडू कुठून यायला हवा? दुसरा: सोपी वाट कुठली, आणि तिची किंमत पुढे कुठे मोजावी लागते? तिसरा अप्पांचा: पाणी कुठं जातंय? मी दीड वर्ष पहिल्या दोन प्रश्नांवर घालवलं. तुम्ही तिसऱ्यापासून सुरू करा.

आणि तुमच्या घरात कुणी माळी, ग्राउंड्समन, कॅडी म्हणून काम केलं असेल, तर त्यांच्याशी बोला आणि आम्हाला कळवा. अप्पा म्हणालेत, पुढच्या एका भागात ते स्वतः बोलतील. जुन्या दिवसांत आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी गवताचं ग्रीन परवडायचं नाही, तेव्हा वाळूत तेल कालवून 'ब्राउन' करायचे, ते कसं करायचे यावर. एकच अट घातलीय त्यांनी. कुकर बंद ठेवायचा.

भेटूया. नमस्कार.